पुलाच्या मध्यापर्यंत

माझ्या थोरल्या मुलीचं, नेल्डाचं, लग्न झालं त्या वर्षी मी प्रोबेशनवर होतो. दारू पिऊन दुसऱ्यांदा गाडी कुंपणात घातली म्हणून जजनं तीन वर्षं दिली होती. तुरुंगाबाहेर राहायचं, पण काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दावणीला. रोज पहाटे एका नंबरवर फोन करायचा. यंत्र एका रंगाचं नाव सांगे. आपला रंग निघाला की त्या दिवशी ऑफिसात जाऊन दारूच्या तपासणीसाठी बाटलीत लघवी द्यायची. माझा रंग तपकिरी. आणि लेखी परवानगीशिवाय काउंटीची हद्द ओलांडायची नाही. हद्द म्हणजे नदी. पलीकडच्या काठावरच्या वृद्धाश्रमात माझी आई होती.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सकाळी बहिणीचा, लोरेटाचा फोन आला.

"आई तुझंच नाव घेतेय रे वर्जिल. आजच ये. उद्याचा भरवसा नाही."

"कागद मिळाला की निघालोच."

तपकिरी रंगही नेमका त्याच दिवशी निघाला होता. बाटली दिली आणि खिडकीपाशी गेलो. माझ्या ऑफिसर ट्रुहिलोबाई घरभेटींना बाहेर पडल्या होत्या. खिडकीतल्या ड्वेननं फॉर्म पुढे सरकवला.

"भरा."

"चष्मा विसरलो."

"अहो, दर वेळी विसरता! गळ्यात बांधून टाका एकदाचा."

रांगेतली माणसं हसली. मीही हसलो. चष्मा माझ्याकडे कधी नव्हताच. मला वाचता येत नव्हतं.

"आई मरायला टेकलीय, एवढं बाईंना सांग बाबा."

त्याचा आवाज उतरला. "वायरलेसवर कळवतो. तुम्ही घरी थांबा."

घरी बसवेना. मी कामाला होतो त्या अक्रोडाच्या बागेत जाऊन चांगला चालणारा पंप उगाच उघडला, परत बसवला. आलो तर दारावर पिवळा कागद, काउंटीच्या शिक्क्याचा. मागच्या वर्षी असाच कागद लागला होता, आणि दुसऱ्या दिवशी मला उचलून चाळीस दिवस आत टाकलं होतं. मंगळवारी मी खोकल्याचं औषध घेतलं होतं, त्यात थोडी दारू असते. तेच बाटलीत निघालं असणार. आत गेलो तर आईचं तोंडही दिसायचं नाही. शेजारच्या रॉस्कोला दाखवावा, तर त्याला कळलं की गावाला कळलं. कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला. फोन वाजत राहिला. ऑफिसचा असेल म्हणून उचलला नाही.

शनिवारी दोनदा पुलावर गेलो, रविवारी एकदा. मध्यावर काउंटीची पाटी आहे. तिथून आईच्या खोलीचा निळा पडदा दिसे. पाटीला हात लावून उभा राहायचो आणि मागे फिरायचो.

रविवारी संध्याकाळी लोरेटा दारात आली. डोळे सुजलेले.

"कुठं मेला होतास? फोन करून बोटं दुखली माझी. तुझ्या ऑफिसरबाई म्हणाल्या, कागद दारावर लावलाय म्हणून!"

मी खिशातला कागद तिच्या हातात दिला. तिनं तो गुडघ्यावर सरळ केला.

"शुक्रवार दुपारपासून मंगळवारपर्यंत नदीपलीकडे जाण्यास परवानगी," तिनं वाचलं. खाली पेनानं दोन शब्द होते. "लवकर जा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कागदाची पूर्वीसारखीच घडी घालून माझ्या खिशात परत ठेवली.

त्या हिवाळ्यात ट्रुहिलोबाईंनी मला लायब्ररीतल्या शिकवणीला घातलं. तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो. मी स्वतः वाचलेला पहिला कागद म्हणजे तो पिवळाच.

माझी आई इडा कॉफ्लिन पंधरा ऑक्टोबरला, रविवारी दुपारी चार वाजता वारली. तेव्हा मी पुलावर होतो.