बिनमुळांची गुटी

"नाना, एकट्या झाडाला मूल होतं का हो? की त्यालासुद्धा लग्नच करावं लागतं?"

अपूर्वानं हे एका दमात विचारून टाकलं आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसलेल्या तिच्या दोघी मैत्रिणींनी तोंडात रुमाल कोंबले. पैजच लागली होती तशी. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी तो धडा "घरी वाचा गं" म्हणून उलटून टाकला होता, आणि त्या दोघींतली उत्तरा म्हणाली होती, "तुझ्या त्या दिंडोरीच्या नानांना विचारून दाखव. विचारलंस तर मी कुल्फी देते. नाहीतर तू भित्री भागूबाई." रावजीनाना म्हणजे अपूर्वाच्या बाबांचे थोरले भाऊ. पांढरी टोपी, झुपकेदार मिशा, द्राक्षाचे बागाईतदार. त्यांच्यासमोर तिचे बाबासुद्धा पाय सरळ करून बसत नसत.

नानांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि शांतपणे म्हणाले, "लग्न कशापायी? आपल्या वावरात इतक्या वेली हायेत, एकीच्या तरी लग्नाचं जेवण जेवलीस का तू? काडी तोडायची, मातीत खोचायची. झालं बाळंतपण!"

मुली अशा काही हसल्या की स्वयंपाकघरातून मीनाताई, म्हणजे अपूर्वाची आई, पीठ माखलेल्या हातांनी बाहेर आल्या. "काय चाललंय काय?"

"बॉटनी, आई!" अपूर्वा म्हणाली.

मित्रांनो, त्या सगळ्यांच्या मागे, कोपऱ्यात, मान वाकवून मी उभा होतो. मी म्हणजे रबराचं झाड. नाशिकला, पंचवटीत, मखमलाबाद नाक्याजवळच्या एका भाड्याच्या घराच्या व्हरांड्यात माझं सगळं आयुष्य गेलं. तुम्ही वहीतली खोडरबरं वापरता, ती माझ्यापासून होत नाहीत बरं का! मी नुसताच शोभेचा. मला ना फूल, ना फळ, ना वास. जे काय आहे ते पान. पण पान म्हणजे असं जाडजूड, हिरवंकाळं आणि चकचकीत, की दाढी करताना बाबांनी एकदा त्यात तोंड बघायचा प्रयत्न केला होता.

नाना म्हणाले ते माझ्या बाबतीत अगदी खरं आहे. मलाही बाप नाही. गंगापूर रोडच्या एका रोपवाटिकेत एका मोठ्या रबराच्या फांदीची साल काढून, तिथे ओलं शेवाळ बांधून मला जन्माला घातलं. याला गुटी म्हणतात. आईच्या अंगावर असतानाच आपल्याला मुळं फुटतात, आणि मग आपल्याला कापून वेगळं करतात. कापतात तेव्हा दुखतं का, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. त्या वेळी मी आई होतो की मूल, हेच मला धड ठरवता येत नव्हतं.

कुंभमेळ्याच्या साली किशोररावांनी, म्हणजे अपूर्वाच्या बाबांनी, मला स्कूटरच्या पुढे पायांत धरून घरी आणलं. अपूर्वा तेव्हा धड चालतही नव्हती. तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला बाबांनी खिळ्यानं खाली भोकं पाडली आणि व्हरांड्याच्या कडेला, जिथली फरशी निघाली होती त्या मातीवर मला ठेवून दिलं. काय लाड होते तेव्हा माझे! मीनाताई दर रविवारी ओल्या फडक्यानं माझं एकेक पान पुसायच्या. दिवाळीला खोबरेल तेलाचं बोट फिरायचं. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "प्लास्टिकचं आहे का हो?" आणि मग नखानं पान खरवडून बघायचा. पांढरा चीक आला की म्हणायचा, "अरेच्चा, खरं आहे!" मला खरं ठरवण्यासाठी दरवेळी ओरखडा का काढावा लागतो, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

अपूर्वाच्या दर वाढदिवसाला माझ्याशेजारी तिचा फोटो निघायचा. आधी ती माझ्यापेक्षा बुटकी, मग बरोबरीची, मग पुन्हा मीच उंच. असा वाढत वाढत एक दिवस मी वरच्या स्लॅबला जाऊन टेकलो आणि तिथून माझी मान वाकडी झाली.

आणि मग हळूहळू मी घरातला राहिलो नाही, कोपऱ्यातला झालो. माझ्या फांदीवर ओले मोजे वाळू लागले. डब्यात चहाचा चोथा, पेन्सिलीची टरफलं, एकदा तर बाबांच्या स्कूटरचं सांडलेलं ऑइल. खालची पानं पिवळी होऊन गळाली की मीनाताई म्हणायच्या, "किती कचरा करतं हे मेलं!" खरं सांगू? मला कुणाचाच राग येत नव्हता. राग आला तर झाडानं करायचं काय? पाय आपटायचे? दार लावून घ्यायचं? आम्हाला दोनच गोष्टी जमतात, पान काढणं आणि पान टाकणं. एवढ्यावरच सगळं म्हणणं मांडायचं असतं.

तर ज्या दिवशी कुल्फीची पैज लागली, त्याच दिवशी बाबांनी चहा पिता पिता नानांना बातमी दिली. इंदिरानगरला फ्लॅट झाला होता. तिसरा मजला, स्वतःचा. दसऱ्याला सामान हलवायचं.

"आणि हा?" अपूर्वानं माझ्याकडे बोट केलं.

"तो कसा येणार? जागचा हलतोय का बघ."

दोघांनी मिळून डबा हलवून पाहिला. हलला नाही. माझी मुळं कधीच डब्याचा गंजलेला तळ फोडून खाली जमिनीत उतरली होती. घर आपलंच आहे असं समजून मी पाय पसरले होते, मित्रांनो. भाड्याचं घर ही काय भानगड असते, ते झाडाला कुठून कळणार?

"धोंडीरामशेठ तोडणार आहेत ते," बाबा म्हणाले. शेठ म्हणजे घरमालक, वरच्या मजल्यावर राहायचे. "पुढच्या साली कुंभमेळा. रस्त्याकडची जागा आहे. इथे शटर लावून चहा-नाश्त्याचं दुकान काढायचंय त्यांना."

अपूर्वाच्या हसऱ्या चेहऱ्यावरचं सगळं हसू उतरलं. मग ती नानांकडे वळली. "नाना, काडी तोडायची, मातीत खोचायची म्हणालात ना? मग याचं बाळ काढून द्या मला. मी फ्लॅटमध्ये नेते."

"याची काडी धरत नाय लवकर. गुटी बांधू. पुढच्या खेपेला सामान आणतो."

पुढच्या रविवारी नाना खरंच आले. पाऊस भुरभुरत होता, गुटी बांधायला झकास हवा. त्यांनी माझ्या शेंड्याखाली बोटभर रुंद साल अंगठीसारखी सोलून काढली. चीक ठिबकला, तो अपूर्वानं फडक्यानं टिपला. आता ओला काथ्या, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, दोन्हीकडे सुतळी, असं बांधायचं होतं. इथवर सगळं बरोबर होतं. माझा जन्म असाच झाला होता, मला माहीत होतं.

पण काथ्या गुंडाळण्याआधी नानांनी खिशातून एक चिमुकली बाटली काढली.

"हे काय, नाना?"

"जीए. वाढीचं औषध, द्राक्षाला मारतो आम्ही. घडाला याचं पाणी दावलं की मणी कसा टपोरा होतो, बघितलाय ना? लय ताकदीचं औषध. हे लावलं की तुझ्या झाडाला मुळ्या नाय, सुतळ्या फुटतील सुतळ्या!"

अपूर्वानं हौसेनं ते औषध पाण्यात कालवलं आणि काथ्या त्यात चांगला बुचकळून काढला. "अजून थोडं घालू?"

"घाल. हात कशाला आखडायचा?"

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं ना, तर पंचवटीतली सगळी कबुतरं उडाली असती! ते औषध माझ्या सालीला लागलं आणि मला कळलं, हे आपलं नाही. हे 'लांब वाढ, लांब वाढ' एवढंच सांगत होतं. 'मूळ धर' असं ते म्हणतच नव्हतं. उलट जिथून मूळ फुटायचं, तिथेच ते हात धरून मला मागे ओढत होतं. आणि वर शेंडा मात्र सुटला सैरावैरा! पान लहान, पेरं लांब. कोवळा, लुकडा शेंडा स्लॅबखालून वाट काढत व्हरांड्याबाहेर डोकावू लागला.

आणि त्याचं काय कौतुक, काय कौतुक!

"आई, बघ ना, केवढा वाढला! नानांचं औषध लागू पडलं!"

"खरंच गं. इतक्या वर्षांत एवढा वाढला नव्हता."

उत्तरा येऊन बघून गेली. "मग बारशाला बोलव," म्हणाली. अपूर्वा शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी गुटीला हात लावायची, प्लास्टिकला नाक चिकटवून आत बघायची. काथ्याच काथ्या. "आत असतील मुळं, मध्यभागी," ती स्वतःलाच समजवायची. मी वरून तिच्याकडे बघत राहायचो. ज्या वाढीवर ती टाळ्या पिटत होती ती सगळी खोटी होती, आणि ते तिला सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मग मी मला जमतं ते केलं. एक पान टाकलं. मग आणखी एक.

मीनाताईंनी ती केरसुणीनं भरून टाकली.

दसरा तोंडावर आला. घरात खोकी बांधून झाली. भिंतींवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन उरले. आदल्या दिवशी नाना दिंडोरीहून आले, कारण गुटी त्यांच्याच हातांनी उतरवायची असं अपूर्वानं बजावून ठेवलं होतं. नवी कुंडीसुद्धा तयार होती, गेरूनं रंगवलेली, चुन्याची नक्षी काढलेली.

नानांनी सुतळी सोडली. प्लास्टिक काढलं. काथ्या उकलला.

आत एकही मूळ नव्हतं. नुसती गाठ. फुगलेली, पांढरट, बोडकी गाठ.

नाना ती गाठ अंगठ्यानं चाचपत राहिले. मग त्यांनी व्हरांड्याबाहेर गेलेल्या माझ्या लुकड्या शेंड्याकडे मान वर करून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि कपाळावर हात मारला.

"चुकलं गं पोरी. घड लांबवायलाच तर आम्ही जीए मारतो. त्याला काय म्हाईत, मूळ काय असतं! मी बी येडा, सगळ्यालाच द्राक्ष समजलो."

"मग आता?"

"आता खाली नवी साल काढायची. साधं पाणी, साधा काथ्या. दुसरं काय बी नाय. पण टाइम लागंल. अन् थंडी पडायच्या आत धरली तर धरली. आमची छाटणी सुरू हाय, मला काय यायला जमायचं नाय. रोज कुणीतरी बघाय पाहिजे, काथ्या सुकला का संपलं."

"आपण उद्या जातोय, नाना."

"व्हय," नाना म्हणाले. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

अपूर्वाचे डोळे भरले. मला वाटलं, आता ती आत पळेल. पण तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "काढा साल."

नानांनी काढली. या वेळी बाटली निघाली नाही. काथ्याचं पाणी तिनं स्वतः पिळलं, गाठ तिनं स्वतः मारली. आणि मग कुणाला न विचारता ती जिना चढून वर गेली. धोंडीरामशेठकडे! ज्यांच्या नुसत्या खोकल्यानं ती क्रिकेटचा चेंडू टाकून पळायची, त्यांच्याकडे!

वरून आवाज येत होते.

"झाड? कुठलं झाड? ते वाकडं? अगं, मला दिवाळीच्या पाडव्याला दुकानाचा नारळ फोडायचाय!"

"काका, नारळ फोडा ना. झाड तेवढं राहू द्या. ते कोपऱ्यातच आहे, मध्ये नाही येणार."

"गिऱ्हाईक बसवू का झाड बसवू?"

"मुळं फुटेपर्यंतच पाहिजे मला. नंतर मी एक शब्द बोलणार नाही. आईशप्पथ."

मग शेठ खोकले. खूप वेळ खोकले. त्यांच्या पत्नी आतून काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही. आणि मग शेठचा आवाज आला, "बरं बरं. तुळशीची लग्नं लागेपर्यंत हात लावत नाही. एका झाडाचं लग्न व्हायचं असताना दुसरं तोडलं, असं नको व्हायला. पण त्यानंतर माझं ऐकायचं."

मित्रांनो, आता तुम्ही म्हणाल, सुटलास की रे! तसं नाही. मी तर तुटणारच आहे. शेठच्या दुकानात मला जागा नाही, आणि पसरलेले पाय मला काही आता आवरते घेता येत नाहीत. प्रश्न माझ्या शेंड्याचा आहे. त्या नव्या सालीच्या कडेला मी माझा सगळा जीव आणून ठेवलाय. तिथून मूळ फुटेल का? मला ठाऊक नाही. हिवाळा नाशिकला लवकर येतो. म्हणून एवढंच सांगतो, घरात एखादं झाड असेल तर त्याची वाढ बघून लगेच टाळ्या वाजवू नका. खाली वाकून बघा. पान गळालं तर झाडण्याआधी ते का गळालं हे विचारा. आणि ज्याला बोलता येत नाही त्याला कुणाचं तरी औषध पाजण्याआधी दहादा थांबा. आम्ही 'नको' म्हणू शकत नाही हो.

अपूर्वा जिना उतरून आली तेव्हा बाबा गादीची वळकटी बांधत होते आणि मीनाताई देवांचा डबा कापडात गुंडाळत होत्या.

"काय म्हणाले शेठ?" बाबांनी विचारलं. "ओरडले ना?"

"ओरडले. पण हो म्हणाले."

"हो म्हणून काय उपयोग?" मीनाताई म्हणाल्या. "पाणी कोण घालणार? तू शाळेत बाबांच्या स्कूटरवर जाणार, बाबांच्याच स्कूटरवर येणार. बाबांना ड्युटी आहे. इकडे वाकडी वाट करायला त्यांना वेळ नाही. अपू, झाड आहे ते. नवीन आणू आपण, कुंडी आहेच की."

अपूर्वानं माझ्या बुंध्याला हात लावला. तिचा हात घामानं ओला होता.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "सकाळी बाबांनी सोडा. पण शाळा सुटल्यावर मी रोज इथे येणार, काथ्या बघणार, पाणी घालणार, आणि सिटी बसनं घरी येणार. एकटी. आणि मुळं नाही फुटली, तरी शेठ याला तोडतील तेव्हा मी इथे उभी राहणार."