थंड उकळी

कुंड उकळायला लागलं तसे सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले.

आग नव्हती, धूर नव्हता. देवणीच्या पलीकडं माळावर एक पत्र्याचं शेड, शेडात सिमेंटचं मांडीइतकं खोल गोल कुंड, त्यात काठोकाठ राखाडी भस्म. घटकाभरापूर्वी हेच भस्म इतकं घट्ट होतं, की चेला त्यावर उभा राहून फावड्यानं नारळ पुरत होता. आता त्याच भस्माला बुडबुडे फुटत होते, लाटा उठत होत्या. हात घातला तर गार. शेडामागं जनरेटर भुंकत होता आणि त्याच्या वरताण लाउडस्पीकर.

"पहिली अवस्था घन!" उकळीबाबा माइकवर म्हणाला. "दुसरी द्रव, तिसरी वायू. सायन्सवाले तिथंच थांबले. चौथी अवस्था म्हणजे मी!"

रीत सोपी होती. रोग्यानं आपल्या घरचा नारळ आणि आपल्या घरचा धोंडा आणायचा. नारळ म्हणजे आयुष्य, तो तळाशी पुरायचा. धोंडा म्हणजे रोग, तो वर ठेवायचा. कुंड उकळलं की धोंडा बुडायचा आणि नारळ आपोआप वर यायचा. रोग गेला, आयुष्य आलं. दानपेटी डाव्या हाताला.

रुद्रेश गर्दीत पुढंच उभा होता. लातूरच्या कोचिंग क्लासमध्ये तो नीटच्या पोरांना फिजिक्स शिकवायचा. धाकट्या बहिणीनं, उमादेवीनं, हट्ट केला म्हणून तो आला होता. तिच्या लेकीला, सृष्टीला, गेल्या वर्षी साखरेचा आजार निघाला होता, लहान लेकरांना होतो तो. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. रोज सुया. त्या पोरीचा नारळ डुचमळत वर आला आणि उमा ओक्साबोक्शी रडायला लागली.

"वाका की सर," उमाचे सासरे अण्णाराव त्याच्या कानाशी म्हणाले. "चार लोकांत आमचा मान ऱ्हाऊ द्या."

बहिणीला त्या घरात नांदायचं होतं. वाकल्यानं काय झिजतं, असा हिशोब करून रुद्रेशनं कुंडाच्या काठावर कपाळ टेकवलं, आणि त्याच्या तोंडाला गार वारं लागलं. खालून, भस्मातून. कपाळाला चिकटलेले कण खरबरीत होते. ही राख न्हवं, ही तर वाळू, एवढं त्याच्या ध्यानात आलं. इथं वारं कुठून, हा प्रश्न अगदी ओठांपर्यंत आला आणि त्यानं तो गिळला.

"लातूरचे फिजिक्सचे सर!" बाबा ओरडला. "सायन्स वाकलं!" कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्याच दिवशी तो फोटो माळाच्या फाट्यावर बॅनरवर झळकत होता.

तिसऱ्या दिवशी उमाचा फोन आला. सृष्टीला उलट्या होऊन राहिल्या, धापा टाकून राहिली, डोळे उघडंना. लातूरच्या दवाखान्यात डॉ. हुमांनी पोरीला आत घेतलं आणि बाहेर येऊन एवढंच विचारलं, "इन्सुलिन कधीपासून बंद आहे?"

"दर्शनाहून आल्यापासून."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

उमानं भावाकडं बोट केलं नाही. ते फार सरळ झालं असतं. ती म्हणाली, "बाबा म्हणले, सुई सोडा. आमाला भ्या वाटलं. मग मामंजी म्हणले, रुद्रेशसारखा शिकलेला माणूस डोकं टेकवतो, आता कशाचं भ्या."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि त्या सलाईन बघायला आत गेल्या. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

पोरगी वाचली. पण उमाचं डोकं अजून कुंडातच होतं. "अर्धी बरी झाली हुती," ती दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हणाली. "मधीच सलाईन लावलं म्हणून उलटलं. सुट्टीच्या आधी परत कुंड करायचं, बाबाचा निरोप हाय."

"आणि सुई?"

"घरी नेल्यावर सुई न्हाई."

"उमा, ती फसवणूक हाय."

"मग तवा का वाकलास, दादा?"

आपल्या शब्दाची किंमत त्यानं स्वतःच्या कपाळानं पुसून टाकली होती. आता बोलून भागणार नव्हतं, दाखवावं लागणार होतं.

त्यानं पत्र्याच्या डब्याला बुडाशी भोकं पाडली, आत जाड कापड अंथरलं, वर चाळलेली बारीक वाळू भरली आणि खालून ब्लोअरचं वारं सोडलं. वाळूचे कण वाऱ्यावर किंचित उचलले गेले, एकमेकांपासून सुटले, आणि सगळी वाळू पाण्यासारखी हलायला लागली. लाकडाचा ठोकळा टुणकन वर आला. दगड तळाला गेला. घन कण, त्यांत वायू, आणि दोघं मिळून वागतात द्रवासारखे. हलकं तरंगतं, जड बुडतं. हे तर तो दरवर्षी फळ्यावर लिहीत होता. ब्लोअर बंद करून तो डब्याशेजारी बसून राहिला. वाळू परत घट्ट झाली होती. एवढ्याशा गोष्टीसाठी पोर मरता मरता राहिली होती आणि त्या वाऱ्याची झुळूक त्याला आधीच लागली होती.

सृष्टीला दवाखान्यात नर्सच्या हवाली करून गुरुवारी तो उमा आणि अण्णारावांना घेऊन माळावर गेला. नारळ आणि धोंडा यावेळी त्यानं आपल्या घरून आणले होते.

"लई जड हाय की हो नारळ," अण्णाराव म्हणाले.

"असतो एखादा."

चेल्यानं नारळ पुरला. जनरेटर भुंकला, कुंड उकळलं. इतरांचे नारळ एकेक करून वर आले. सृष्टीचा आला नाही. तिच्या नावाचा धोंडा मात्र बुडायचं सोडून बदकासारखा तरंगत होता. उमाचा चेहरा पांढराफटक पडला. तो रुद्रेशनं पाहिला. हेही आपणच करून राहिलो.

"रोग वर आला!" बाबा सावरत म्हणाला. "आयुष्य बुडालं! घरात कुणीतरी संशयी हाय. मोठी पूजा लागंल."

"पूजा नंतर," रुद्रेश म्हणाला. "आधी नारळ तर वर काढा."

बाबानं मंत्र म्हटले. मग बाही सारून कोपराच्या वर हात आत घातला आणि चाचपायला लागला. रुद्रेश सरळ शेडामागं गेला आणि त्यानं जनरेटर बंद केला.

उकळी जागच्या जागी मेली. वाळू घट्ट बसली. बाबाचा हात आत, बाबा बाहेर, आणि चौथी अवस्था ओढून ओढून घामाघूम. मागून एक बाई खुदकन हसली.

रुद्रेशनं जनरेटर पुन्हा चालू केला. बाबा मागं धडपडला. "बघा, आता मी पण बाबा झालो," रुद्रेश म्हणाला. त्यानं खांद्यापर्यंत हात घालून नारळ वर काढला आणि काठावर फोडला. आतून सायकलचे छर्रे खळखळ सांडले.

"खाजामियाँच्या सायकलच्या दुकानातनं आणले. पाणी काढून भरलेत. म्हणून बुडाला. आणि तरंगतोय तो टाचा घासायचा दगड, आत नुसती भोकं. कुंडाला रोग कळत न्हाई न् आयुष्य कळत न्हाई. जड आणि हलकं, एवढंच कळतं. तळाला पाइप हाय, पाइपात वारं हाय. पुढं या, तोंड खाली करा, लागंल."

लोक पुढं आले. वाकले, गालाला वारं घेतलं. दोघा-तिघांनी फावडी घेऊन वाळू उपसली, तशी भोकाभोकांची जाळी आणि पाइपाचं तोंड उघडं पडलं. "समाधीची वेळ झाली," म्हणत बाबा जीपकडं सरकला, पण जीपपुढं अण्णाराव जाऊन उभे राहिले होते. कुणीतरी पोलिसांना फोन लावत होतं.

"मग आमचे नारळ?" एकानं विचारलं.

"सगळ्यांचेच येणार होते, काका. मेलेल्याच्या नावानं पुरा, तरी वर येईल."

कुंडापाशी एक म्हातारा उभा होता. तो हळूच म्हणाला, "माझ्या मालकिणीचा आला हुता. छातीच्या गोळ्या सोडल्या तिनं. पोळ्याच्या आधी गेली." फाट्याकडं हात करून तो म्हणाला, "फाट्यावर तुमचा फोटू बघून आणलं हुतं तिला, सर."

त्याच्या आवाजात राग असता तर निभावलं असतं. रुद्रेशला त्याच्या डोळ्यांत बघवेना.

"मग इस्वास ठिवावा तरी कुणावर?" अण्णारावांनी विचारलं. त्यांचाही आवाज खाली गेला होता.

"माझ्यावर ठेवू नका," रुद्रेश म्हणाला. "कुणी किती शिकला, कोण कुठं वाकला, याच्यावर लेकराचं औषध ठरवू नका. हात घालून बघा. वारं कुठून येतंय ते विचारा. डॉक्टरलाही विचारा, सुई कशासाठी, सोडली तर काय होईल. ती सांगेल, समजेपर्यंत सांगेल. विचारल्यावर जो चिडतो, संशयी म्हणतो, त्याच्या दारात आजारी माणूस नेऊ नका. आणि खुपलं तर तिथंच बोला. मला खुपलं होतं. मी बोललो न्हाई."

म्हातारा ऐकत होता का, कळत नव्हतं. रुद्रेशला त्याचे पाय धरावेसे वाटले. पण पुन्हा कुणापुढं वाकून आपलं मन हलकं करून घ्यायची त्याला लाज वाटली.

उमानं डोळे पुसले, पदर खोचला.

"चल दादा," ती म्हणाली. "लातूर गाठायचंय. पोरीच्या सुईची येळ होईल."