गोफणीपुरती जागा

सोमवारी सकाळी पाणंदीत ऋषिराजने स्वप्नालीच्या सायकलचं हँडल धरलं. पलीकडच्या रानाच्या मालकाचा हा मुलगा. "रोज हितनंच जातीस की. घावशील निवांत," एवढंच बोलून त्याने हँडल सोडलं. दोन्ही अंगांना पुरुषभर ऊस उभा होता; त्या हिरव्या भिंतींनी काहीच ऐकलं नाही.

ती आईपाशीच, सारजापाशी, बोलली. वडिलांना, म्हस्कूतात्यांना, कळलं असतं तर तिचं बारामतीचं कॉलेज त्याच दिवशी बंद झालं असतं. सांगवीच्या एसटी थांब्याला जायला ही एकच वाट. सारजाने माळ्यावरची लोकरीची गोफण काढली. मेंढरं विकून ऊस लावल्याला दहा वर्षं झाली होती. त्याआधी हिच्याच बळावर तिने लांडगे पिटाळले होते.

"तोंडाकडं बघू नको. पाय बघ, पाय आधी हालत्यात."

"त्यो लांडगा न्हाय, आये."

"व्हय. लांडगा निदान भुकंनं येतो."

पाच दिवस स्वप्नालीने कॉलेज बुडवलं; दुपारच्या उन्हात माळावर गोफण घुमत राहिली. शनिवारी पाचातले तीन दगड बाभळीच्या खोडावर बसले, आणि स्वप्नालीला आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली.

पुढच्या सोमवारी तो तिथेच उभा होता. तिने सायकल आडवी टाकली, त्याचे पाय पाहिले, गोफण फिरवली. अर्ध्या फेऱ्यात दोरी उसाच्या पात्यांत गुंतली आणि दगड तिच्याच पायाशी पडला.

"मेंढरं राखाय निघालीस व्हय?" तो हसत पुढे आला.

त्याची बोटं मनगटाभोवती आवळली, तेव्हा तिने खाली वाकून तोच दगड उचलला आणि त्या बोटांवर घातला. पकड सुटली. सायकल उचलून ती निघाली, तेव्हा मागून सावकाश आवाज आला, "आता एकटा येनार न्हाय मी."

कॉलेजात तिने दिवसभर वहीत काहीबाही उतरवलं. घरी येऊन म्हणाली, "गोफण माळावर फिरती, आये. उसात न्हाय."

सारजाने उसाकडे पाहिलं. या उसात तिची दहा वर्षं गेली होती, आणि शिकवताना मात्र तिच्या डोळ्यांपुढे उघडा माळच होता.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच तिने कोयता घेतला आणि पाणंदीकडेच्या आपल्या उसाच्या दोन सऱ्या तोडल्या. ऊस कोवळा होता. कारखाना तो घेणार नव्हता, गुरांपुढेच जाणार होता.

"तात्यांना काय सांगायचं?"

"रानडुकरं शिरली व्हती म्हनायचं."

स्वप्नालीने वाटेच्या मधोमध उभं राहून गोफण फिरवली. डावीकडे ती मोकळी गेली. उजवीकडे पात्यांनी पुन्हा दोरी धरली.

"अन् तिकडचा?"

"तिकडचा त्यांचा हाय." सारजाने कोयत्याचं पातं पदराला पुसलं. "वाट सोड. आपल्या तोडल्याल्या अंगानं चाल."

स्वप्नालीने सायकल ताज्या बुडख्यांवरून ढकलायला घेतली. चाकाखाली कोवळा ऊस करकरत राहिला.