नियमित वापरणारं घर

चांदीपच्या हंसाताई एकदा बोलायला लागल्या की समोरच्याला उठायची सोय नसे. कोणाच्या म्हशीनं दूध कमी केलं इथपासून ते कोणाच्या जावयानं विरारला कितव्या मजल्यावर फ्लॅट घेतला इथपर्यंत सगळं त्यांना पाठ. तेरा वर्षं त्या गावात आशा सेविका म्हणून काम करत होत्या. लसीकरणाच्या दिवशी त्यांनी हाक मारली की पाड्यापलीकडची पोरंसुद्धा रडायला लागत. अशा बाईची प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी दातखीळ बसली.

प्रशिक्षण पाच दिवसांचं, आरोग्य केंद्रामागच्या हॉलमध्ये, पंचवीस आशांसाठी. विषय लैंगिक आणि प्रजनन आरोग्य. शिकवायला आलेल्या विनिता सिस्टर विरारच्या, मूळच्या साताऱ्याकडच्या, वयानं जेमतेम बत्तीस. त्यांनी टेबलावर निरोध, गोळ्या, कॉपर-टी, सगळं भाजीसारखं मांडलं आणि एकेकीला पुढे बोलावलं. वस्तू हातात घ्यायची, नाव घ्यायचं, कशी वापरायची ते सांगायचं. पोरीबाळी पदरात तोंड खुपसून हसत का होईना, बोलून गेल्या. हंसाताईंच्या हातात निरोधचं पाकीट आलं.

"हे म्हनजे... आपलं... ते."

"ते म्हणजे काय?" सिस्टरनी विचारलं.

"ते म्हनजे ते. सगळ्यांना म्हाईत हाय."

हॉल हसून लोटपोट झाला. सिस्टरही हसल्या, पण म्हणाल्या, "हंसाताई, ज्याचं नाव तोंडातून निघत नाही ते लोकांना देता कसं?"

"द्यायला बोलायला कशाला लागतं?" हंसाताईंचं नाक फुगलं. "माझं रजिस्टर बगा न."

रजिस्टर खरंच देखणं होतं. मोत्यासारखं अक्षर, एक रकाना रिकामा नाही. त्यातही रीमा आणि विकी या जोडप्याच्या नावापुढे आठ महिने सलग 'नियमित वापर' लिहिलेलं. या नोंदीचा हंसाताईंना विशेष अभिमान, कारण रीमाचं बाळंतपण त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. रक्त फार गेलं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की तीन वर्षं तरी दुसरं मूल नको, पोरीच्या अंगात ताकदच नाही. रीमाचं माहेर लांब, सासू नाही. हंसाताईंनी मनाशी ठरवलं, या पोरीला आपण जपायचं.

जपलंही त्यांनी, पण आपल्या पद्धतीनं. विकी दारात दिसला तेव्हा त्या भिंतीकडे बघत एवढंच पुटपुटल्या, "दर महिन्याला त्या पिशवीत टाकून जाईन हां." विकीनंही जमिनीकडे बघत मान हलवली आणि बाईक काढून पळ काढला. पिशवी म्हणजे ओटीवर खुंटीला टांगलेली कापडी पिशवी. हंसाताई वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी तीत टाकत आणि पुढच्या महिन्याला पिशवी रिकामी बघून खूश होत. एक अक्षर बोलावं न लागता काम फत्ते.

तिसऱ्या दिवशी गावभेट होती. सिस्टर म्हणाल्या, "ज्यांचं रजिस्टर सगळ्यात चांगलं, त्यांच्या गावी जाऊ." हंसाताईंनी नवीन साडी नेसली, केसांत अबोलीचा गजरा माळला आणि सिस्टरना थेट विकीच्या घरी नेलं.

घराच्या बाजूला विकीच्या बापाचा, शत्रुघ्ननानांचा, पडवळाचा मांडव. गणपती नुकतेच गेलेले, मांडव भरून आलेला. नाना खाली खुर्ची टाकून बसले होते. सिस्टरनी कौतुकानं वर पाहिलं आणि तिथंच थबकल्या. वीतभर लांबीच्या प्रत्येक कोवळ्या पडवळाला खालून एक पातळ, पांढुरकं आवरण चढवलेलं होतं आणि वर सुतळीनं नीट गाठ मारलेली होती.

"नाना," सिस्टरनी जपून विचारलं, "पडवळांना हे काय घातलंय?"

"पिशव्या! शेतकी खात्याच्या." नाना उत्साहानं उठले. "ही हंसाच आनून टाकते माझ्या बियान्याच्या पिशवीत. माशी म्हनून लागत नाय बगा. पडवळ वाढलं तं पिशवी बी वाढते, फाटायचं नाव नाय. उन्हाळ्यात काकडीला घातलेल्या, एक काकडी किडली नाय. हात जरा बुळबुळीत होतात, तेवढं चालतं. फक्त टोकाला ते बोंडूक कशाला ठेवलंय, ते काय कळलं नाय."

सिस्टरनी मांडवाचा खांब धरला. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंडातून आवाज काढायची त्यांची हिंमत नव्हती. हंसाताईंनाही क्षणभर हसू फुटलं. फुटलं आणि तिथंच विरलं, कारण दारात रीमा उभी होती, दहा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन. आठ महिन्यांच्या पुड्या जर पडवळ-काकडीला गेल्या, तर या पोरीचं काय?

"काकी, जरा आत येता?" रीमा हळूच म्हणाली.

आत गेल्यावर तिनं दार ओढून घेतलं. "पाळी दहा दिवस वर गेलीय. मी कोनाला बोलले नाय. विकीला म्हनलं होतं कायतरी आना, तर तो म्हनाला मी सांभाळतो. दुकानात मागायला त्याला लाज वाटते. मना रात रात झोप येत नाय, काकी. परत तसं झालं तर?"

हंसाताईंनी खांद्यावरच्या पिशवीतून गरोदरपण तपासायचं किट काढलं, कसं करायचं ते भरभर सांगितलं आणि रीमाला न्हाणीत पाठवलं. तोवर सिस्टरही आत आल्या होत्या. त्यांचं हसू कधीच मावळलं होतं.

पट्टी खिडकीत ठेवली. एक रेघ आली तर काही नाही, दोन आल्या तर दिवस गेलेले. पाच मिनिटं थांबायचं. हंसाताईंनी बाळाला मांडीवर घेतलं. बाळानं त्यांचा गजरा ओढला, फुलं खाली सांडली, त्यांचं लक्ष नव्हतं. तेरा वर्षं आपण गावभर बडबडत फिरलो. कोणाचं लग्न मोडलं, कोणाची विहीर आटली, सगळं बोललो. जे बोलायचा पगार मिळतो तेवढंच नेमकं बोललो नाही. त्यांना स्वतःचा इतका राग आला की बाळ मांडीवर नसतं तर त्यांनी कपाळ बडवून घेतलं असतं.

"झाली पाच मिनिटं," सिस्टर म्हणाल्या.

रीमा जागची हलेना. शेवटी हंसाताईच उठल्या. पट्टी उजेडात धरली, चष्मा पुसला, पुन्हा धरली.

"एकच हाय," त्या म्हणाल्या. "बाय माझे, एकच रेघ हाय!"

रीमा मटकन खाली बसली आणि रडायला लागली. हंसाताई तिच्या शेजारी बसून तिच्यापेक्षा मोठ्यानं रडल्या. "आठवड्यानं पुन्हा एकदा तपासू," सिस्टर म्हणाल्या. "पण दहा दिवस उलटून एक रेघ आहे, तर काळजीचं कारण दिसत नाही. बाळ अंगावर पितंय, त्यानंही पाळी मागंपुढं होते."

"चूक माझी हाय," डोळे पुसत हंसाताई म्हणाल्या. "पुड्या टाकल्या पन तुमाला बसवून सांगितलं नाय. मना वाटलं, पिशवी रिकामी झाली म्हनजे झालं. तुझ्या सासऱ्याच्या मांडवात एक पडवळ बी किडकं नाय, नि तुला मात्र वाऱ्यावर सोडली मी."

रीमाला रडता रडता हसू आलं. मग तिनं बाळाला जवळ घेतलं आणि सरळ विचारलं, "काकी, आता सांगा. काय काय असतं? सगळं सांगा. मग मी ठरवते मना काय पायजे ते."

हंसाताईंनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी आपल्या पिशवीतल्या सगळ्या वस्तू काढून चटईवर मांडल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. "तुमचं गाव, तुमची पोरगी. तुम्हीच सांगा."

हंसाताईंनी पाकीट उचललं. "निरोध," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की बाळानंही वळून पाहिलं नाही. "निरोध म्हनजे पुरुषानं वापरायचं. दर वेळेला नवीन. पाकीट दातानं फाडायचं नाय. टोक चिमटीत धरायचं, हवा काढायची..."

बोलत होत्या खऱ्या, पण आवाज चढेना. बाहेर ओटीवर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हंसाताईंनी पाकीट मुठीत दडवलं. नाना मांडवातून उठून पातळ भिंतीपलीकडे ओटीवर येऊन बसले होते, म्हणजे त्यांनी सगळंच ऐकलं होतं. रीमानं पदर डोक्यावर ओढला.

मग नाना खाकरले.

"हंसा," ते म्हणाले, "जरा मोठ्यानं बोल. विकी मगाशीच आलाय, घराच्या मागं भिंतीला कान लावून उभा हाय. त्याला काय बी ऐकू जात नसंल."

हंसाताई उठल्या. मागचं दार उघडून त्यांनी विकीला दंडाला धरून आत आणलं, रीमाच्या शेजारी चटईवर बसवलं, आणि नानांनाही ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सुरुवात केली.