प्रोजेक्टरच्या गळ्यात हार

मित्रांनो, मी जालन्याच्या एका कॉलेजातला जुना प्रोजेक्टर. माझ्या काचेवर पारदर्शक कागद ठेवला की त्यावरचे चित्र समोरच्या पडद्यावर मोठे होऊन उमटे. आता मी अडगळीच्या खोलीत असतो. कोणी ओरखडे काढले, कोणी माझ्यावर चहाचे कप ठेवले, ते सगळे मी विसरलो. पण एका दिवसाचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

तो दिवस १९९७ सालातला. कॉलेजात संगणकाच्या अभ्यासकांची परिषद भरली होती. त्यात दुर्गा मॅडम आपला शोधनिबंध वाचणार होत्या. त्या अंकुशनगरच्या, नुकत्याच शिकवायला लागलेल्या. त्यांनी स्वतः एक कंपायलर लिहिला होता. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञा संगणकाला कळतील अशा करून देणारा प्रोग्रॅम. त्यांच्या कंपायलरला आज्ञांच्या थोड्या ओळी दिल्या की संगणक तांब्याच्या कळशीचे चित्र काढी. उजेड कुठून येतो ते सांगितले की तिची सावलीही पाडी. पुण्याहून आलेले अध्यक्ष परिषदेतला एकच निबंध निवडून देशाच्या मोठ्या परिषदेला पाठवणार होते. मॅडमचा सगळा जीव त्यात गुंतला होता.

सकाळी शिपाई कचरूने माझी पूजा केली. हळदीकुंकू वाहिले आणि झेंडूचा जाड हार घातला. हार नेमका माझ्या पंख्याच्या जाळीवर बसला. माझा श्वासच कोंडला! मग काचेवर कागद आला: ‘सुस्वागतम्. सौजन्य: राधेश्याम शेठ.’

उद्घाटन झाले, सत्कार सुरू झाले. एक शाल, दुसरी शाल, नारळ, भाषणे. मी आतून भाजत होतो. मॅडम हळूच म्हणाल्या, “कचरूभाऊ, तोवर बंद करा ना हे.”

“बंद कसं करू मॅडम? शेठचं नाव हाये त्याच्यावर!”

पहिल्या रांगेतून परिषदेचा खर्च देणारे शेठ बोलले, “राहू दे, राहू दे. बराबर दिसून राह्यलंय.”

अखेर मॅडमचे नाव पुकारले गेले. त्यांनी स्वागताचा कागद उचलला, कळशीचा ठेवला. त्याच क्षणी माझ्या पोटात फट् झाले आणि पडदा काळा पडला.

कचरूने पाठीवर दोन थापा मारल्या. वायर हलवली. “मॅडम, म्या काईच केलं न्हाई हो! सकाळधरून मस्त चालून राह्यलं व्हतं!”

मागून कोणीतरी म्हणाले, “शेठचं नाव गेलं अन् याचा जीवच गेला!” सभागृह हसले.

मित्रांनो, माझा जीव गेला नव्हता! मला बनवणाऱ्यांनी माझ्या पोटात दुसरा दिवा बसवला होता. कुशीतली छोटी दांडी सरकवली की तो पुढे येतो. ती दांडी तिथे कशाला आहे, हे कॉलेजात कोणी कधी पाहिलेच नव्हते. मला ओरडावेसे वाटत होते. पण यंत्राला तोंड कुठले?

अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. “निबंध वाचला असं समजू. मला निघायचं आहे.”

मॅडम म्हणाल्या, “सर, पण चित्रं बघितल्याशिवाय...” तोवर पुढचे नाव पुकारले गेले होते.

जेवणाच्या वेळी कचरू मला उचलून नेऊ लागला. त्याचा अंगठा दांडीवर पडला, ती सरकली. वायर अजून लावलेलीच होती. लख्ख उजेड पडला! मॅडम धावत आल्या, कागद ठेवला. पडद्यावर तांब्याची कळशी उभी राहिली, डावीकडून उजेड, उजवीकडे सावली.

“हाय रे देवा!” कचरूच्या तोंडून निघाले. “दिवा व्हताच की!”

मॅडम दाराकडे वळल्या. बाहेर अध्यक्षांची गाडी फाटकातून निघून गेली होती.

जिलबीची ताटली घेऊन शेठ आत आले आणि जागीच थबकले. “बाई, ही कळशी मशीननं काढली?”

“हो. मी नुसतं सांगितलं, त्यानं काढली.”

शेठ कितीतरी वेळ पाहत राहिले. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारले, “मग हे साहेबांना का नाही दाखवलं?”

मॅडमनी फक्त माझ्या गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला.

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा. पण त्याआधी ते उघडून बघा, त्याच्या पोटात काय काय आहे ते समजून घ्या. आम्ही मुके असतो. आमच्यापाशी असलेला उजेड आम्हाला स्वतःहून देता येत नाही.