डिकीतलं पाचवं चाक

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. स्टेपनी म्हणजे गाडीचं पाचवं चाक. बाकीची चार बाहेर उन्हात हुंदडतात आणि मी डिकीत, चटईखाली, पोटात बोल्ट आवळून आडवी पडलेली. माझ्या अंगावर काय काय टाकतात ते विचारूच नका. छत्र्या, रद्दी, तार तुटलेली रॅकेट. एकदा तर अख्खं शिलाई मशीन होतं. मी त्याला खालून उचलून धरलं, म्हणून गाडीचा तळ फाटला नाही. खोटं वाटतं? मशीनलाच विचारा.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी अशी काळीभोर चकाकायचे की तिथला मुकादम माझ्यात बघून भांग पाडायचा. आम्ही पाच भावंडं. चौघांना रस्ता मिळाला, मला डिकी. आयुष्यात एकदाच मी आठवडाभर रस्त्यावर धावले. तेव्हा एक खड्डा एवढा मोठा लागला, की सकाळी आत उतरलो ते जेवणाच्या वेळेला बाहेर आलो! घरी पोचल्यावर गाडीच्या मालकांनी, म्हणजे बाबांनी, माझ्यावर थाप मारली. "हिनं लाज राखली हो!" त्या एका थापेवर मी आजवर जगले.

मग परत अंधार. आणि अंधारात पडून पडून हवा जाते, बरं का. भोक नसलं तरी जाते. मी मऊ होत चालले होते. मला कळत होतं, पण सांगणार कोणाला?

या घरात बाबा, आई आणि त्यांची लेक. पाण्याबाहेर तिला करमत नाही म्हणून सगळे तिला बेडकी म्हणतात. लांबच्या गावी तिची पोहण्याची शर्यत होती. वर्षभर ती त्यासाठी पहाटे उठत होती. जायचं गाडीनं. म्हणून मागच्या सीटपलीकडून मला रोज भांडण ऐकू यायचं.

"जायच्या आधी सर्व्हिसिंग करून घ्या," आई म्हणायची.

"आधी कशाला? रस्त्यात मळणारच आहे ती. आल्यावर करू."

"मग सकाळची आंघोळ तरी कशाला करता? दिवसभर मळणारच आहात की!"

'कधी'चं मिटलं, तर 'कुठं'चं सुरू झालं. आईच्या भावाचं गॅरेज. बाबांना आवडायचं ते मोठं सर्व्हिस सेंटर.

"तुझा दादा गाडी कमी बघतो, गप्पा जास्त मारतो."

"आणि तुमच्या सेंटरात? गाडी आपली, आणि काचेच्या अलीकडे बसून बघायची. पाहुण्यासारखं!"

शेवटी तोडगा निघाला. इंजिन, ऑइल, ब्रेक सेंटरात. चाकं दादाकडे. दोघांचाही मान राहिला. मी म्हटलं, चला, दोघांतलं कोणीतरी चटई उचलेल.

सेंटरात डिकी उघडली. उजेडाची बारीक फट माझ्यापर्यंत आली.

"स्टेपनी बघायची का?" एका मेकॅनिकनं दुसऱ्याला विचारलं.

"नको. चाकांचं काम ते बाहेर करणारेत."

धाडकन झाकण बंद.

मग मामाचं गॅरेज. त्यानं चारही चाकं काढली, हवा भरली, लाड केले. माझ्याबद्दल म्हणाला, "स्टेपनी तिथंच बघितली असणार. त्यांच्याकडे मशिनी आहेत." आणि डिकी पुसून दिली. बाहेरून! मी आतून अशी किंचाळले की पलीकडच्या गल्लीतली कुत्री पळाली. पण मामा शिट्टी वाजवत होता.

व्हायचं तेच झालं. शर्यतीच्या दिवशी, ना घर ना दुकान अशा रस्त्यावर पुढचं चाक फाटलं. बॅगा उतरल्या, चटई उचलली, बोल्ट सुटला. किती दिवसांनी ऊन लागलं! बाबांनी मला हात लावला, आणि त्यांची बोटं उशीत जावी तशी आत गेली.

"तुझ्या दादानं..."

"तुमच्या त्या सेंटरनं..."

बेडकी कपाळावर गॉगल चढवून उभी होती. तिनं हळूच विचारलं, "मी पोहत जाऊ का?"

बाबा रस्त्याच्या कडेला जाऊन येईल त्या गाडीला हात करू लागले.

खूप वेळानं एक ट्रकवाला थांबला. त्यानं ट्रकच्या हवेच्या टाकीतून नळी ओढून मला हवा भरली. "जुनी आहे हो. हळू न्या," म्हणाला. मित्रांनो, मी जीव तोडून धावले. वाटेत दोन विमानं मागे टाकली. तलावाच्या फाटकाशी पोचलो, बेडकी आत पळाली, आणि...

ती पहिली आली, असं सांगायला मला फार आवडलं असतं. एवढ्या थापा मारल्या, त्यात आणखी एक. पण ती परत आली तेव्हा मी फाटकापाशीच उभी होते. तिचे केस कोरडे होते.

आता मी पुन्हा चटईखाली आहे. तोच बोल्ट, तोच अंधार. तुम्ही गाडी कधी न्यायची, कुठं न्यायची, यावर खुशाल भांडा रे. सेंटरात न्या, मामाकडे न्या. पण "त्यांनी बघितलं असेल" असं म्हणू नका. स्वतः वाका आणि चटई उचला.

आमची बेडकी उचलते. कुठंही निघायच्या आधी डिकी उघडते आणि अंगठ्यानं मला दाबून बघते. ती वरून दाबते, मी आतून दाबते. तेवढंच आमचं बोलणं.

मग झाकण लागतं.