बसची गोळी

वीणावहिनी खालच्या मजल्यावरून आल्या, आमचं दार त्यांनी स्वतःच लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "तुमच्या लॅबमध्ये सुखदाचं रक्त तपासायचंय. तिला सांगायचं, हिमोग्लोबिन बघतोय म्हणून."

"आणि खरं काय बघायचं?"

बसवनगुडीतल्या या घरात आम्ही वर, त्या खाली, अशी नऊ वर्षं झाली होती. त्यांची सुखदा तेवीस वर्षांची, होसकोट्याच्या कारखान्यात केमिस्ट. मी एका रुग्णालयाच्या हार्मोन-प्रयोगशाळेत होते, म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या. हळूहळू बोलल्या. तिची पाळी काही महिने आली नव्हती. आणि धुवायला टाकलेल्या कपड्यांवर डाग दिसत होते. दुधाचे.

"बिनलग्नाची मुलगी. मी काय समजायचं?"

"तिला विचारलंत?"

"नाही म्हणाली. कुणीही नाहीच म्हणेल."

"वहिनी, तिच्यापासून लपवून मी काही तपासणार नाही. तिला वर पाठवा."

संध्याकाळी सुखदा आली. आई मागे दारातच थांबली.

"काकू, आईला हवी ती तपासणी करा," ती म्हणाली, "आणि मला काय झालंय तीही करा. मला भीती वाटतेय. पण ते बोलायला घरात कुणी नाही."



गर्भ नसल्याचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशीच हातात होता. तो वाचून वीणावहिनींनी देवाला हात जोडले. सुखदा त्यांच्याकडे बघत होती.

"माझं ऐकलं नाहीस," ती म्हणाली. "कागदाचं ऐकलंस."

दुसऱ्या रिपोर्टला आठवडा लागला. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, बरंच वाढलेलं होतं. ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. कधी त्या ग्रंथीत गाठ असते, कधी थायरॉइडचं दुखणं असतं, कधी एखादं औषध कारण असतं. मी सुखदाला विचारलं, काही औषध घेतेस का? म्हणाली, नाही. वीणावहिनीही म्हणाल्या, नाही. डॉक्टरांची वेळ ठरली, पण गाठीचा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

दोन दिवसांनी मी कामावर निघाले होते. कोपऱ्यावर कारखान्याची बस उभी होती. वीणावहिनी फाटकातून धावत गेल्या, सुखदाच्या तळहातावर काहीतरी ठेवलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. हे मी रोज बघत होते.

"काय दिलंत तिला?"

"बसची गोळी. तिला बसमध्ये मळमळतं."

"मी औषधांचं विचारलं तेव्हा बोलला नाहीत."

"अहो, ती काय औषध आहे का? स्वल्प आराम पडतो, म्हणून देते. डॉक्टरांनी गेल्या वर्षी चार दिवसांसाठी लिहून दिली होती. मेडिकलवाला ओळखीचा आहे, मागितली की देतो."

त्यांनी पाकीट दाखवलं. मी मागचं नाव वाचलं आणि संध्याकाळी दोघींना वर बोलावलं.

"पिट्युटरीतली बाकीची हार्मोन्स मेंदूने सांगितल्यावर सुटतात," मी म्हणाले. "प्रोलॅक्टिन मात्र सुटायला कायम तयार असतं. मेंदू डोपामिन पाठवून त्याला आवरून धरतो. ही गोळी डोपामिनचं काम अडवते. मग प्रोलॅक्टिन वाढतं, दूध येतं, आणि बीजकोशाला मिळणारा निरोप मंदावतो. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी लांबते ना, तसंच. हिच्या शरीराची समजूत झालीय की घरात तान्हं मूल आहे."

"म्हणजे शरीराचीही तीच समजूत," सुखदा म्हणाली. "त्याला निदान गोळीमुळे झाली."

वीणावहिनींनी पाकीट पदराखाली घेतलं. "मीच दिली गं," त्या म्हणाल्या. "रोज."

"गोळीबद्दल मी काही बोललेय का?" सुखदा म्हणाली.

डॉक्टरांनी गोळी बंद केली. थायरॉइड ठीक निघाला आणि काही आठवड्यांनी प्रोलॅक्टिनही उतरलं. सुखदा बसमध्ये पुढच्या खिडकीशी बसू लागली. आईशी बोलायची, पण कामापुरतंच. वीणावहिनी एकदा जिन्यात मला हळूच म्हणाल्या, "तिची पाळी आली का हो? तुम्हाला ठाऊक असेल."

"तिला विचारा."

"कुठल्या तोंडाने?"

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी कोपऱ्यावर उभ्या होतो. वीणावहिनींनी कागदात गुंडाळलेली आलेपाकाची वडी पुढे केली.

सुखदाने ती नाकाशी नेली. "यात औषध नाही ना?"

"नाही. आता तुला विचारल्याशिवाय काही देणार नाही."

"मग विचार."

बस वळणावर दिसली. वीणावहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे बघत राहिले.

"आली का गं?"

"सोमवारी आली."

"खरंच?" हे त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांचा हात लगेच तोंडावर गेला.

तोवर बस येऊन थांबली होती आणि सुखदा पायरीवर चढली होती. ती तिथूनच वळली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. वीणावहिनी बसच्या दाराशी गेल्या आणि पायरीचा दांडा धरून म्हणाल्या, "नाही नाही. तू म्हणालीस ना, बास."

सुखदाने वडीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"तिखट आहे," ती म्हणाली. "उद्या गूळ जरा जास्त घाल."